भांड्यांचं मंगलाष्टक

माझ्या पोटात काही राहत नाही, असा घराण्यात माझा लौकिक आहे. कोणाचं साक्षगंध कशावरून अडलं, कोणता जावई मठ्ठ्यात मीठ कमी म्हणून रुसून बसला, आजोबांचा फेटा वरातीच्या घोड्याने कसा चावून खाल्ला— सगळं मीच सांगत आलो. लग्नघरी गाद्या पसरल्या की पोरंसोरं माझ्याभोवती येऊन बसतात आणि आमची ही लांबूनच म्हणते, "झाली सुरू यांची गिरणी!" एवढं दळण दळलं. हा एक दाणा तेवढा कधी टाकला नाही. हिलाही सांगितलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या कोणाच्याच लग्नात नव्हता, म्हणून असेल. तुम्ही माझ्यासाठी टाळ्या वाजवलेल्या नाहीत— म्हणून तुमच्याकडे बघून बोलता येतंय.

टाळ्यांचं असं आहे. आमच्याकडे आंतरपाट धरला की आधी भटजींची नेहमीची मंगलाष्टकं होतात आणि शेवटचं एक घरचं असतं. त्याच नवरा-नवरीसाठी रचलेलं, दुसऱ्या कोणाला न लागणारं. ते रचणारा आणि म्हणणारा मी. मंगलाष्टकवाले काका. माझा आवाज सायकलच्या पंपासारखा आहे, पण हातात माइक असला आणि समोरच्यांच्या मुठीत अक्षता असल्या की लोक ऐकून घेतात. जातील कुठे?

आणि तो उन्हाळा तर नुसता लग्नांचाच होता. करोनाने अडवून ठेवलेली सगळी लग्नं एकदम सुटली होती. दर चार दिवसांनी कुठलं तरी लॉन, तेच पनीर, तेच दाराएवढे कूलर— त्यांच्यासमोर उभं राहिलं की नेसलेलं सावरायचं की हातातलं ताट, हे ठरवावं लागायचं. नवतप्यात, उन्हाळ्यातल्या त्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, शेरवानी घालून घामाघूम झालेले नवरदेव मी इतके पाहिले, की बोहल्यावर चढणं हे धाडसाचं काम आहे हे मला तेव्हा पटलं.

पहिलं लग्न चुलतबहिणीच्या मुलीचं, पल्लवीचं. सासर इतवारीतलं, भांड्यांचा ठोक धंदा. मी माइक घेतला आणि म्हटलं—

भांड्याला भिडते कधी कधि दुजे भांडे, तरी नाद तो
गोडीने घुमु दे घरात तुमच्या, कुर्यात् सदा मंगलम्!

काय सांगू तुम्हाला! व्याही उठून उभे राहिले. "आमच्या दुकानावर लिहून लावतो हे," म्हणाले आणि मला एक पितळेचा लोटा दिला. आत्याबाई— म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, तेव्हा घरातली सगळ्यात मोठी— पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "कुठून सुचते गा तुले हे?"

कुठून सुचते?

सांगतो. म्हणजे सांगायलाच बसलोय. पण आधी वहिनीबद्दल सांगतो— नाहीतर तुम्ही नुसते माझ्यावर रागवाल आणि ती कोण होती ते राहूनच जाईल.

मालूवहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. माहेर कुहीकडचं, धानाच्या शेतांमधलं. ती मराठी घेऊन बी.ए. झालेली. मी बी.कॉम., तेही तिसऱ्या खेपेला. दादा पाटबंधाऱ्यात होता. लग्नानंतर त्यांचा पहिला संसार रामटेकच्या पुढच्या तलावाजवळ, सरकारी क्वार्टरमध्ये झाला. निखिल अजून शाळेतही जात नव्हता तेव्हा दादा गेला. वहिनी मुलाला घेऊन आमच्या नागपूरच्या घरी आली आणि राहिली. स्वयंपाकघर तिने कधी ताब्यात घेतलं ते आम्हाला कळलंही नाही.

पुढच्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. आमच्या घरी तेव्हा काड्यांवर सरगुंडे, म्हणजे जाड शेवया, वळणं चाललं होतं. मी कशासाठी तरी आत गेलो, तर वहिनी कणीक मळता मळता काहीतरी पुटपुटत होती. उजव्या हाताचं एक बोट परातीच्या काठावर चालत होतं— टकटक टकटक— मध्येच एकदा थांबत होतं, आणि पुन्हा चालत होतं. मी विचारलं तेव्हा लाजली. मग म्हणून दाखवलं. बहिणीचं मंगलाष्टक होतं ते. बहिणीचं हट्टी असणं, तिचं केस विंचरताना गाणं, सगळं दोन ओळींत बसलेलं. मी म्हटलं, वहिनी, हे लग्नात म्हणा. ती म्हणाली, "मी नाही जी. तुम्ही म्हणा. अन् माझं नाव नोका घेऊ. लग्नघर आहे, उगाच कोणी काही बोलन."

बाबा होते तेव्हा. त्यांच्यापुढे विधवा सुनेचं नाव मांडवात निघालं असतं तर बोलले असते, हे खरं. या वाक्याला मी पुढे किती वर्षं टेकून बसलो! तिनेच सांगितलं होतं की, नाव घेऊ नका. पण बाबा गेले. नंतर घरात आत्याबाईंच्या नाक मुरडण्यापलीकडे कोणी काही बोलणारं उरलं नाही. घराण्यातली पोरंच विधवेच्या हातून हळद लावून घ्यायला लागली. मग मला कोणी अडवलं होतं? पितळेच्या लोट्याने?

तर— कळलंच असेल तुम्हाला. एकही माझं नव्हतं. बहिणीचं नाही, भांड्यांचं नाही, मधली इतकी सगळी, त्यातलं एकही नाही. ती कणीक मळायची, भाजी निवडायची, बोट चालवायची; मी ओट्याला टेकून पाठ करायचो. कागदावर कधी उतरवलं नाही. लिहिलं तर कोणाच्या तरी हाती लागेल, एवढी अक्कल मला होती. वृत्त म्हणजे काय ते मला आजही धड कळत नाही. एवढं कळतं, की मध्येच तिचं बोट थांबलं नाही तर ओळ फसली, आणि मग ती मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

आणि एवढंच असतं, तर मी तुमचा वेळ घेतला नसता. इथपर्यंतचं मी कदाचित हसत हसत कबूल केलं असतं कधीतरी, गाद्यांवर बसून. जे सांगायचं आहे ते पुढेच आहे.

त्या उन्हाळ्यातलं शेवटचं लग्न निखिलचं होतं. वहिनीच्या मुलाचं. नवरी ऋचा, जरीपटक्याची. तिच्या वडिलांचं कूलरचं दुकान, त्यामुळे निदान या लग्नात आम्ही उकडून मरणार नव्हतो. निखिल म्हणत होता, देवकाला आई बसेल. आत्याबाईंनी नाक मुरडलं, वहिनीने स्वतःच "राहू दे रे" म्हटलं, आणि आम्ही नवरा-बायको बसलो. वहिनीने कोठी सांभाळली. कोठी म्हणजे लॉनच्या मागची ती खोली, जिथे मिठाईचे डबे, आहेर आणि थकलेल्या बायका ठेवतात.

मंगलाष्टक तिने मला आधीच दिलं होतं. पाठ करवून घेतलं, आणि यावेळी पहिल्यांदाच बजावलं होतं, "भाऊजी, हे नीट म्हणा. यात तुमचे दादा आहेत." मी म्हटलं, वहिनी, काळजी करता का माझी? इतकी वर्षं झाली. आणि खरं सांगू? मी नीट ऐकलंसुद्धा नव्हतं. डोक्यात मागच्या दोन लग्नांची गर्दी होती, आणि मनात टाळ्या आधीच वाजत होत्या.

आंतरपाट धरला. भटजींनी माझ्याकडे पाहिलं. मी माइक घेतला, घसा खाकरला— आणि काही नाही. पाटी कोरी. समोर निखिल, त्याची नजर माझ्यावर. डावीकडे रुखवत मांडलेलं. ऋचाच्या आईने हौसेने स्टीलच्या भांड्यांची सप्तपदी केली होती, डबे, पातेली, वाट्या, सगळं उन्हात लखलखत होतं. माझी नजर त्या भांड्यांवर पडली, आणि तोंडातून बाहेर पडलं—

भांड्याला भिडते कधी कधि दुजे...

म्हटलं. पूर्ण म्हटलं. थांबलो कसा नाही? थांबता आलं असतं हो. अर्ध्या ओळीवर थांबून "चुकलो" म्हणता आलं असतं. लग्नात चुकलेल्या माणसावर कोणी रागवत नाही. पण मी ते गात राहिलो, रंगवून गात राहिलो. पल्लवीच्या सासरचे लोक हसायला लागले. आमचेही हसले. अक्षता पडल्या. मी मागे वळून पाहिलं. कोठीच्या दारात वहिनी उभी होती, कमरेला किल्ल्या, मूठ बंद. सगळ्यांच्या अक्षता पडून गेल्यावर तिने मूठ उघडली. तिच्या अक्षता बोहल्यापर्यंत पोचल्याच नाहीत. तिथेच पायापाशी पडल्या.

जेवताना कोणीतरी विचारलं, तर मी म्हटलं, "रुखवताची भांडी पाहिली आणि पुन्हा तेच स्फुरलं!" वहिनी वाढत होती. ऐकलं तिने. "भाऊजी, जिलबी घ्या," एवढंच म्हणाली.

लग्नाच्या धावपळीचा शीण काढायला म्हणून आम्ही सगळे मग तलावावर गेलो. रोडगे करायचे ठरले. जागा वहिनीने सुचवली, रामटेकच्या पुढचा तोच तलाव. दोन गाड्या, गोवऱ्यांचं पोतं, वांगी, मोठं पातेलं, आत्याबाईंची खुर्ची. दिवसभर आंब्याखाली लोळलो. पाणी इतकं तापलेलं होतं, की पोरांनी पाय घातले आणि ओरडत बाहेर आली. ऊन कललं तेव्हा गोवऱ्या पेटवल्या, निखाऱ्यांचा आर झाला, वहिनीने कणकेचे गोळे त्यात पुरले आणि पाळीच्या पायथ्याशी एक दगड पाहून बसली. तलावाच्या त्या बांधाकडे तिने दिवसभर पाहिलं नव्हतं, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय.

ऋचा मोकळी मुलगी. येऊन चारच दिवस झाले होते, आणि सगळ्यांची टर उडवायला लागली होती. म्हणाली, "काकाजी, इतवारीवाल्या ताईले तिचं भेटलं, अन् मले पण तिचंच? माझ्या बाबांचं कूलरचं दुकान आहे, भांड्यांचं नाही! करा न कूलरवर काही."

"करा, करा!" सगळेच ओरडले.

मी केलं हो. म्हणजे करायला गेलो. 'गारेगार हवा' इथपर्यंत आलो आणि पुढे पाणी संपलं. पोरं फिदीफिदी हसायला लागली. मी घसा खाकरला, कपाळाला हात लावला, ढगांकडे पाहिलं— ढग नव्हते. आत्याबाई म्हणाल्या, "आज याचं मशीन जाम झालं वाटते."

आणि तेव्हा ते सुरू झालं.

रामटेकच्या डोंगराआड सूर्य टेकला होता. पलीकडून, पाण्याच्या अगदी कडेला, चंद्र वर येत होता. पौर्णिमेचा, संत्र्यासारखा, अजून तेज न चढलेला. पाणी हलत नव्हतं. वहिनी निखाऱ्यांकडे पाहत होती. हातात रोडगे उलटवायची काडी होती, ती दगडावर चालायला लागली— टकटक टकटक— आणि तिने, माइक नाही, काही नाही, धुराने बसलेल्या आवाजात म्हटलं—

पाणी शांत, तसेच शांत असु दे भांडून झाल्यावरी
दोघांचे मन, आत चंद्र उतरो, कुर्यात् सदा मंगलम्।

मला कसं सांगता येईल तुम्हाला? आमच्या घराण्यात सगळे एकदम गप्प बसल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. ऋचाने मोबाइल वर धरला होता, तो तसाच वर राहिला, आणि ती मात्र त्यात न पाहता पाण्याकडे पाहत होती. आत चंद्र उतरो— आणि तो उतरला होता. आमच्या समोर, पाण्यात, अख्खा. तिने हे कधी रचलं होतं? ओट्याजवळ, लाइटखाली, वांगी चिरता चिरता. तरी ते इथलंच होतं. मला एकदम दादा आठवला. मी कॉलेजात असताना त्यांच्या क्वार्टरवर गेलो होतो, दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं, आणि संध्याकाळी पाहतो तर दोघं पाळीवर बसलेली, एकमेकांकडे न बघता, पाण्याकडे तोंड करून. दादा म्हणाला होता, "जो पहिले हसला तो हारला, असा नियम आहे आमचा." यात तुमचे दादा आहेत, म्हणाली होती ना ती? आणि हे मी विसरलो होतो. याच्या जागी मी भांडी वाजवली होती.

इतकी वर्षं मी तिची मंगलाष्टकं म्हणत होतो. ऐकलं मात्र हे पहिलंच. म्हणताना माझं लक्ष नेहमी समोरच्यांच्या चेहऱ्यांवर असायचं. असा माणूस आपल्या स्वयंपाकघरात राहतो, आपल्याला जिलबी वाढतो, आणि आपण त्याच्याकडून ओळी घेऊन जातो, डब्यातून साखर काढावी तशा? मी खरोखर हात जोडले होते. कोणाला दिसले नाहीत. अंधारून येत होतं.

मग आत्याबाईंचा आवाज आला. "काहून वं मालू, हे कोणी केलं?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. मागणंही नव्हतं. नुसतं पाहिलं, आणि थांबली. बोट मध्येच थांबायचं ना तिचं, ओळ फसू नये म्हणून, तशी थांबली. पुढचं मला म्हणायचं होतं.

बाबा नव्हते. लग्नघर नव्हतं. उघडा तलाव होता, आपलीच माणसं होती, आणि तिचाच मुलगा समोर बसला होता. 'वहिनीचं आहे' एवढे दोन शब्द. काय अडत होतं?

मी म्हणालो, "माझंच आहे, आत्याबाई. लग्नात राहून गेलं. वहिनीला मीच पाठ करायला दिलं होतं."

हे ते. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

"तरीच!" आत्याबाई म्हणाल्या. "म्हटलं, मालूले हे कुठून सुचलं?"

निखिल उठून आला. एवढा मोठा झालेला पोरगा, त्याने मला घट्ट मिठी मारली आणि कानाशी म्हणाला, "काका, बाबा आठवले." मी त्याच्या पाठीवर थोपटलं. थोपटलं मी! त्याची आई चार हातांवर बसली होती.

"रोडगे जळून राहिले," वहिनी म्हणाली आणि निखाऱ्यांकडे वळली. रोडगे जळले नव्हते. फार सुंदर झाले होते. मी तुपात बुडवून तीन खाल्ले.

त्यानंतर हिवाळ्यात एक लग्न निघालं. मी सवयीने ओट्याशी गेलो. वहिनी वाटाणे सोलत होती. दोन्ही हात कामात, बोट कुठेच चालत नव्हतं. "आता नाही सुचत, भाऊजी," म्हणाली. सरळ, हसून. मी बाहेर येऊन जाहीर केलं, की आता तरुणांनी पुढे यावं, मी थांबतो. लोकांना वाटलं, काकाला माज चढला. तेही मी चालू दिलं. माज हा त्यातल्या त्यात बरा आरोप होता.

या वैशाखात माझ्या मुलीचं लग्न झालं. तिने आधीच ठणकावलं होतं, की मोठीआई पहिल्या रांगेत, कोठीबिठी काही नाही. आत्याबाई आता नाहीत. कोणी नाक मुरडलं नाही. वहिनी पहिल्या रांगेत बसली, मोतिया रंगाची साडी, मांडीवर अक्षतांची पितळी वाटी. आंतरपाट धरला, आणि कोणीतरी माझ्या हातात माइक दिला. "काका, आज तरी! स्वतःच्या पोरीचं आहे!"

मी म्हटलं, घसा बसलाय. माइक भटजींना दिला.

ते त्यांचं नेहमीचं म्हणायला लागले, आणि मी वहिनीकडे पाहिलं. वाटीच्या काठावर तिचं बोट चालत होतं. आवाज येणं शक्यच नव्हतं, कूलर केवढे घरघरत होते. तरी मला ते ऐकू आलं. चालत होतं, मध्येच एकदा थांबलं, आणि पुन्हा चाललं. ओठ हलत होते. डोळे माझ्या मुलीवर, असे, की मी माझ्या मुलीकडे तसं कधी पाहिलेलं नाही. भटजींची ओळ अजून संपायची होती. वहिनीचं बोट थांबलं, तिने मूठ भरली, आणि मांडवातल्या सगळ्यांच्या आधी तिच्या अक्षता पडल्या. नेमक्या मुलीच्या डोक्यावर.

काय होतं त्यात, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. भांड्यांचं तिचं होतं. पाण्याचं तिचं होतं. माझ्या मुलीचंही तिचंच आहे, आणि ते तिच्याजवळच आहे.